कोंबडी खुडूक बसली तर...

काल-परवापर्यंत नेमाने अंडे देणारी कोंबडी एके सकाळी खुराड्याबाहेर येतच नाही. दाणे टाकले तरी ती जागची हलत नाही. अंडे काढण्यासाठी हात पुढे केला तर पिसे फुलवून गुरगुरते, प्रसंगी कडकडून चोच मारते. अंगाखाली अंडे असो वा नसो, रिकाम्या पेंढ्यावरही ती ठाण मांडून बसलेली असते. परसात हौसेने चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या शहरी कुटुंबाची पहिली समजूत अशी होते, की कोंबडी आजारी पडली. घरात गावाकडचे कोणी वडीलधारे असेल तर ते मात्र एका शब्दात निदान करतात. कोंबडी खुडूक बसली!

कोकणात अशा कोंबडीला रवणावर बसलेली कोंबडी म्हणतात. कोपरा धरून, अंग चोरून बसलेल्या माणसालाही 'खुडूक होऊन बसला' असे म्हटले जाते, ते या कोंबडीवरूनच. शब्द जुना आहे आणि अनुभवही जुना आहे. शहराच्या परिघावरील बंगल्यांच्या परसात आणि सुटीच्या शेतघरांवर गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांना तो नव्याने येतो, एवढेच. अशा वेळी 'बसू दे, आपोआप उठेल' म्हणून दुर्लक्ष करणे किंवा 'हट्टीपणा मोडला पाहिजे' म्हणून तिला त्रास देणे, या दोन्ही चुका सर्रास घडतात. खुडूक बसणे हा रोग नाही आणि हट्टही नाही. ती शरीराची एक अवस्था आहे. कोंबडीला अंड्यांवर बसवायचे की उठवायचे, हा निर्णय पाळणाऱ्याने घ्यायचा असतो, आणि तो दोन-तीन दिवसांतच घेणे हिताचे असते.

असे का होते?

काही अंडी घालून झाली, की कोंबडीच्या मेंदूलगतच्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा स्राव वाढतो. अंडी डोळ्यांना दिसणे, पोटाच्या कातडीला त्यांचा स्पर्श होणे, अंधारी, उबदार जागा मिळणे आणि दिवस मोठा होत जाणे या गोष्टी त्याला चालना देतात. प्रोलॅक्टिन वाढले, की अंडाशयाला चेतवणारी संप्रेरके मंदावतात, अंडाशय आक्रसतो आणि अंडी देणे थांबते. तुरा फिका व लहान दिसू लागतो. पोटाखालची पिसे गळून कातडी उघडी पडते, तिच्यातील रक्तप्रवाह वाढतो आणि अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळू लागते. थोडक्यात, अंडी देणारे शरीर आता उबवणारे शरीर झालेले असते.

ही प्रवृत्ती सर्व कोंबड्यांत सारखी नसते. व्यापारी अंडी-उत्पादनासाठी वाढवलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून ती पिढ्यानपिढ्यांच्या निवडीने जवळजवळ नाहीशी करण्यात आली. त्यामुळे या वंशातील आजची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊ शकते. गावरान कोंबडी मात्र दहा-पंधरा अंड्यांची एक खेप घालते, खुडूक बसते, पिल्ले वाढवते आणि मग पुन्हा अंड्यांवर येते. असे तीन-चार फेरे झाले, की वर्ष सरते. म्हणूनच तिची वर्षाची अंडी साधारण पन्नास ते सत्तरच्या घरात राहतात. असील जातीची कोंबडी उबवण्यात विशेष पक्की समजली जाते. परसबागेसाठी हैदराबाद येथे विकसित झालेल्या वनराजासारख्या सुधारित जातींत मात्र खुडूक बसण्याचे प्रमाण अगदी कमी आहे.

आजारी की खुडूक?

निर्णयाआधी खात्री करून घेणे आवश्यक ठरते. खुडूक कोंबडी शांत बसलेली असली तरी सावध असते. तिचे डोळे स्वच्छ असतात, हात लावताच ती प्रतिकार करते आणि उचलून अंगणात ठेवली तर पिसे फुलवून, घोगरा 'कुक्-कुक्' आवाज करीत फिरते. दिवसातून एक-दोनदा ती स्वतःहून उठते, घाईघाईने दाणापाणी घेते, एकदम मोठी व दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत जागेवर परतते. ती विष्ठा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण उबवणीची जागा घाण होऊ नये म्हणून कोंबडी ती रोखून धरते.

आजारी कोंबडी याच्या उलट मलूल असते. मान टाकणे, डोळे मिटून बसणे, नाकातोंडातून स्राव येणे, हिरवट किंवा पांढरी पातळ हगवण लागणे, उचलल्यावर प्रतिकार न करणे ही लक्षणे दिसल्यास तिला वेगळे ठेवून पशुवैद्यकांना दाखवावे. शेपटी खाली टाकून, ताठ उभी राहून वारंवार जोर करणाऱ्या कोंबडीचे अंडे अडकलेले असू शकते. तिच्या बाबतीत विलंब चालत नाही.

नुसतीच बसू दिली तर?

अंडी फलित असतील तर एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि कोंबडी उठते. मात्र शहरातील अनेक घरांत कोंबडा नसतो. कोंबड्याविना घातलेल्या अंड्यांतून पिल्लू निघणे शक्यच नसते. अशा अंड्यांवर किंवा मोकळ्या पेंढ्यावर बसलेल्या कोंबडीला उठण्याची खूण मिळत नाही आणि ती तीन आठवडे उलटल्यावरही बसून राहू शकते. या काळात तिचे खाणे निम्म्याहूनही कमी होते आणि वजन घटते. धुळीत वा राखेत लोळणे थांबल्याने पिसांत उवा आणि पिसवा माजतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या तापलेल्या खुराड्यात पाण्याविना बसून राहिलेली कोंबडी दगावण्याचाही धोका असतो. शिवाय तिने अंड्यांची जागा अडवल्याने इतर कोंबड्या तिच्याच अंगाखाली अंडी घालतात, अंडी फुटतात, आणि तिचे पाहून दुसरीही खुडूक होऊ शकते. चार कोंबड्यांच्या घरात दोघी बसल्या तर रोजची अंडी निम्म्यावर येतात.

उठवायची असेल तर

पिल्ले नको असतील तर उपाय पहिल्याच दिवसांत करावा. अंगाखालची अंडी काढून घ्यावीत, तिच्या नेहमीच्या जागेवरील पेंढा उचलावा आणि ती जागा बंद करावी. एवढ्याने काही कोंबड्या उठतात. बऱ्याच जणी मात्र दुसरा कोपरा शोधून पुन्हा बसतात. त्यांच्यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तळालाही जाळी असलेला पिंजरा. तो चार विटांवर उचलून, सावलीत पण उजेडाच्या आणि वाऱ्याच्या जागी ठेवावा. आत पेंढा, पोते, कापड काहीही घालू नये. बसण्यासाठी एक दांडी आणि भरपूर दाणापाणी मात्र हवेच. मांजर किंवा मुंगूस रात्री पिंजऱ्यापर्यंत पोहोचणार नाही, याची काळजी घ्यावी.

यामागचे कारण साधे आहे. उबवणीची जागा आणि पोटाखालची ऊब हीच प्रोलॅक्टिनला टिकवून धरते. जागा सुटली आणि पोटाखालून वारा खेळू लागला, की त्याची पातळी दोन-तीन दिवसांत खाली येते. तीन ते पाच दिवसांनी कोंबडीला सोडून पाहावे. ती इतरांबरोबर चरू लागली तर काम झाले. सरळ जुन्या जागेकडे धावली तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यात ठेवावी. वेळीच उठवलेली कोंबडी साधारण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यांवर येते. दोन आठवडे बसू दिल्यानंतर उठवायला गेल्यास हाच काळ लांबतो.

जुन्या काळापासून चालत आलेले काही उपाय मात्र टाळले पाहिजेत. खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुचकळणे, तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवणे, पाय बांधून ठेवणे किंवा उपाशी ठेवणे असे प्रकार ठिकठिकाणी केले जात. पाण्यात बुचकळल्याने शरीर तेवढ्यापुरते थंड होते, पण भिजलेली कोंबडी गारठते आणि भेदरते. नाकपुडीतील पिसामुळे जखम होऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. उपासमारीने अशक्त झालेली कोंबडी अंड्यांवर यायला उलट अधिक दिवस घेते. दुसरा प्रकार म्हणजे तिला डालग्याखाली झाकून ठेवणे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसेच कोंबडी झाकली म्हणून तिचे खुडूक जात नाही. अंधार आणि ऊब हेच तर तिला हवे असते.

बसवायची असेल तर

पिल्ले हवी असतील तर खुडूक कोंबडीसारखे यंत्र नाही. उबवणी यंत्रात साधारण साडेसदतीस अंश सेल्सियस तापमान आणि योग्य आर्द्रता राखण्यासाठी जी यातायात करावी लागते, ती कोंबडी कोणी न शिकवता करते. चोचीने अंडी दिवसातून अनेकदा फिरवते, कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला सरकवते.

तिच्यासाठी शांत, अर्धवट अंधारी, कोरडी जागा निवडावी. रुंद टोपलीत किंवा जुन्या घमेल्यात तळाला बारीक माती वा वाळू आणि वर मऊ पेंढा पसरून मधोमध खोलगट करावे. कोंबडी नव्या जागी हलवायची तर रात्री हलवावी. आधी एक-दोन दिवस बिनकामाची अंडी देऊन ती स्थिर बसते का, ते पाहावे. मगच उबवणीची अंडी ठेवावीत. दुकानात मिळणारी व्यापारी अंडी येथे निरुपयोगी असतात, कारण त्या फार्ममध्ये कोंबडे नसतात. कोंबडा असलेल्या कळपातील, मध्यम आकाराची, न तडकलेली आणि शक्यतो आठवड्याच्या आतील अंडी घ्यावीत. ती थंड जागी, रुंद बाजू वर ठेवून साठवावीत आणि धुऊ नयेत. गावरान कोंबडीच्या अंगाखाली दहा-बारा अंडी बसतात. अधिकाच्या मोहाने पंधरा-वीस ठेवली तर कडेची गार पडतात आणि एकूण पिल्ले कमीच निघतात.

सर्व अंडी एकाच दिवशी ठेवून त्यांवर पेन्सिलीने खूण करावी. खूण नसलेले अंडे दिसले, की ते दुसऱ्या कोंबडीचे समजून रोज काढून टाकावे. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद बाजूला विजेरी लावून पाहिल्यास फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. स्वच्छ, पारदर्शक दिसणारी अंडी काढून टाकावीत. ती तशीच राहिली तर सडून फुटतात आणि चांगली अंडीही नासवतात. अठराव्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हात लावू नये. शेवटच्या दिवसांत कवचाआडून पिल्लांचा आवाज येऊ लागतो आणि कोंबडीही त्यांना हलक्या आवाजात साद देते. एकविसाव्या दिवशी पिल्ले कवच फोडू लागतात. घाई करून कवच सोलू नये. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू सुमारे दोन दिवस तग धरू शकते. त्यामुळे मागून येणाऱ्यांसाठी थांबायला आईलाही सवड मिळते. तेविसाव्या दिवसापर्यंत जी फुटली नाहीत, ती अंडी काढून टाकावीत.

पिल्लांनंतरचा हिशेब

खरी कसोटी यानंतर लागते. घार, कावळा, मांजर आणि मुंगूस यांच्यापासून पहिले चार आठवडे पिल्ले जपावी लागतात. या काळात आईसह डालग्याखाली किंवा जाळीत ठेवून थोडा वेळच मोकळी सोडणे श्रेयस्कर. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, अन्यथा पिल्ले बुडतात. पावसाळ्यात ओल हा मोठा शत्रू असतो. खाली कोरडा भुसा हवा आणि तो वरचेवर बदलायला हवा. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाने संपूर्ण कळप गमावण्याची वेळ येऊ शकते. त्याची पहिली लस साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून दिली जाते आणि पुढची मात्रा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावी लागते. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. त्यामुळे शेजारपाजारच्या पाळणाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी लस आणणे सोयीचे ठरते.

आणखी एक गोष्ट शहरी हौशी पालकाने अंडी ठेवण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी. निघणाऱ्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असतात. पाच-सहा महिन्यांनी पहाटे चार वाजता आरवणारे चार कोंबडे शेजाऱ्यांना किती रुचतील, त्यांचे पुढे काय करायचे आणि स्थानिक संस्थेचे नियम त्याला परवानगी देतात का, या प्रश्नांची उत्तरे आधी हवीत. अंड्यांचाही हिशेब आहे. तीन आठवडे उबवणे आणि त्यानंतर दोनेक महिने संगोपन, म्हणजे जवळजवळ तीन महिने त्या कोंबडीकडून अंडे मिळत नाही. कळप वाढवायचा असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. केवळ न्याहारीच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळल्या असतील तर तिला उठवणेच शहाणपणाचे.

कोंबडी पुन्हा पुन्हा खुडूक बसू नये यासाठी रोज दोनदा अंडी गोळा करणे, खुराड्यात पुरेसा उजेड व हवा ठेवणे आणि संध्याकाळनंतर अंड्यांच्या जागा बंद करणे, एवढी शिस्त बरीच कामी येते. तरीही गावरान कोंबडी आज ना उद्या बसणारच. त्या दिवशी ती बसली तर तिला अंडी आणि निवांतपणा द्यावा, उठवली तर वारा, दाणा आणि पाणी द्यावे. रिकाम्या पेंढ्यावर तिला आठवडेच्या आठवडे वाट पाहत ठेवणे तेवढे टाळावे.