चार डॉलरचा मापारी

आमच्या घरात अजून जुनी शहाबादी फरशी आहे. दोन फुटी चौकोन आणि मध्ये सिमेंटचा सरळ सांधा. नवा कुठलाही मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणला की त्याची परीक्षा मी या सांध्यावर घेतो. गाडी दोन चाकांची, मागे एक कॅस्टरची गोळी, दोन छोट्या एन२० मोटरी. सांध्यावरून दोन मीटर सरळ जायचं, थांबायचं, जागच्या जागी वळायचं आणि निघालो तिथे परत यायचं. खोक्यावर किती मेगाहर्ट्झ छापलेत त्यापेक्षा ही गाडी कुठे येऊन थांबते, यावरून मला बोर्ड जास्त कळतो.

गेली काही वर्षं या गाडीवर रास्पबेरी पाय पिको बसलेला आहे. त्याच्यानंतर बरेच बोर्ड आले, पण तो काढावासा वाटला नाही.

इंग्लंडातल्या केंब्रिजच्या रास्पबेरी पायने पिको २१ जानेवारी २०२१ रोजी आणला, तोही चार डॉलरला. हॅकस्पेस नावाच्या मासिकाने तर आपल्या ३९व्या अंकाच्या मुखपृष्ठावरच तो चिकटवून दिला होता. तोवर ही मंडळी दुसऱ्यांच्या चिपा वापरून लिनक्स चालवणारे छोटे संगणक बनवत. पिकोसाठी त्यांनी स्वतःची चिप घडवली. तिचं नाव आरपी२०४०, आणि त्या नावात तिची कुंडलीच आहे: २ म्हणजे दोन कोअर, ० म्हणजे एआरएमचा कॉर्टेक्स एम०प्लस, ४ हा मेमरीच्या आकाराचा संकेत आणि शेवटचं ० म्हणजे चिपच्या पोटात कायमची साठवण नाही, त्यासाठी बोर्डावर २ एमबीची वेगळी फ्लॅश आहे. आला तेव्हा वेग १३३ मेगाहर्ट्झ, रॅम २६४ केबी. सगळा बोर्ड २१ बाय ५१ मिलिमीटरचा, म्हणजे दोन बोटांत मावणारा.

माझा हात बसला तो अर्डुइनो युनोवर, आणि त्याचं ऋण मी विसरणार नाही. तेव्हा त्याच्याकडे १६ मेगाहर्ट्झ आणि जेमतेम २ केबी रॅम होती, आणि तेवढ्यावर कितीतरी मुलांचे पहिले रोबो चालले आहेत. लाइन फॉलोअर करायचा असेल तर ते आजही पुरेसं आहे. अडतं ते पुढे, चाकं मोजायला घेतली की.

माझ्या मोटरीच्या मागच्या टोकाला चुंबकाची एक बारीक चकती आहे आणि तिच्याशेजारी दोन हॉल सेन्सर, पाव आवर्तनाने सरकवून बसवलेले. मोटर फिरली की दोन्ही तारांवर चौकोनी लाटा उमटतात. कोणती आधी येते त्यावरून दिशा कळते. मोटरच्या एका फेऱ्याला २८ टप्पे आणि गिअर एकास पन्नास, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला १४०० टप्पे. ४३ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे १३५ मिलिमीटर. तेव्हा गाडी एक मिलिमीटर सरकली की साधारण दहा टप्पे पडतात. सेकंदाला तीस सेंटिमीटर या बेताच्या चालीतही दोन्ही चाकांचे मिळून सहा हजारांवर टप्पे होतात. हे सगळे टिपायचे, आणि त्याच वेळी अंतर मोजायचं, वेग सांभाळायचा, स्क्रीनवर आकडे पाठवायचे.

मी सुरुवातीला मायक्रोपायथनमध्ये साध्या इंटरप्टवर मोजणी लावली. प्रत्येक टप्प्याला हातातलं काम सोडायचं, आकडा वाढवायचा, परत कामाला लागायचं. पायथनच्या चालीला हे झेपलं नाही. प्रोग्रॅम दुसऱ्या कामात असताना टप्पे निसटत आणि गाडी सांध्यावरच्या खुणेपुढे चार बोटं जाऊन थांबे. परत येताना ती चूक आणखी वाढायची.

पिकोचं खरं मोल इथे कळतं. त्याच्या चिपमध्ये दोन कोअरांखेरीज आठ चिमुकली यंत्रं आहेत. त्यांना पीआयओची स्टेट मशीन म्हणतात, चार-चारचे दोन गट. त्यांना सूचना कळतात फक्त नऊ प्रकारच्या, आणि एका गटाला मिळून ३२ सूचनांचीच जागा. बाजार समितीतला मापारी आठवा. अडत्या भाव ठरवतो, शेतकऱ्याशी बोलतो, फोन घेतो. मापारी मात्र ‘लाभ, दोन, तीन’ करत माप टाकत राहतो. त्याला भावाशी देणंघेणं नसतं, पण माप चुकत नाही. स्टेट मशीन तशी आहे. एक डाव्या चाकाला, एक उजव्या चाकाला लावली. चाकं मोजण्याचा तयार नमुना रास्पबेरी पायच्या उदाहरणसंग्रहातच आहे. आता मुख्य प्रोग्रॅम हवा तेव्हा जाऊन विचारतो, ‘किती झाले?’ आणि ताजा आकडा घेऊन येतो. मधल्या काळात तो काहीही करत असो. त्या दिवशी गाडी सांध्यावरून गेली, वळली आणि खडूच्या खुणेवर परत येऊन उभी राहिली. मी ती चाचणी लागोपाठ कितीतरी वेळा करत बसलो, नुसती पाहायला.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची, आणि ती मी ठरवून घेतलेली नव्हती. लांब यूएसबी केबल लावून गाडी चालवत होतो. प्रोग्रॅममध्ये माझी चूक राहिली होती, तो मध्येच थांबला. स्क्रीनवर चूक दाखवणारा संदेश आला, गाडी मात्र चालतच राहिली, भिंतीला भिडली आणि चाकं तिथेच घासत बसली. मोटरचा वेग ठरवणारे पल्स पीडब्ल्यूएमचं स्वतंत्र हार्डवेअर बनवतं. एकदा लावून दिलं की प्रोग्रॅम असो नसो, ते पल्स पाठवतच राहतं. म्हणून रोबोसाठी बोर्ड निवडताना मी आता पहिल्यांदा हेच पाहतो: डोकं बंद पडलं तर चाकांचं काय?

पिकोकडे याचं चांगलं उत्तर आहे. त्यात वॉचडॉग आहे. ठरावीक वेळात प्रोग्रॅमने ‘मी जागा आहे’ असं कळवलं नाही, तर तो चिप रीसेट करतो. ही मुदत जास्तीत जास्त ८.३ सेकंदांपर्यंत ठेवता येते. मी अर्धा सेकंद ठेवली आहे. रीसेट होताच पिना इनपुट होतात आणि आतल्या पुलडाउनने खाली ओढल्या जातात. मोटर ड्रायव्हरला शून्य दिसतं, मोटरी थांबतात. चालू करतानाही गाडी झटका देत नाही, तेही याचमुळे.

उणिवाही सांगायला हव्यात. पिनांची नावं पाठीमागे छापली आहेत, त्यामुळे ब्रेडबोर्डात बसवला की ती दिसत नाहीत. मी कागदाची पट्टी कापून चिकटवली आहे. रीसेटचं बटण नाही. अॅनालॉग पिना बाहेर फक्त तीनच काढल्या आहेत, म्हणजे पाच डोळ्यांचा अॅनालॉग लाइन सेन्सर थेट जोडता येत नाही. त्या पिना वाचणारा एडीसी म्हणायला १२ बिटचा, पण खरी उपयोगी अचूकता नऊ बिटच्या आसपास, असं रास्पबेरी पायची माहितीपुस्तिकाच सांगते. एडीसीतले दोषही तिने उघड नोंदवले आहेत, आणि या मोकळेपणामुळे माझा त्या पुस्तिकेवर विश्वास बसला. पॉवरच्या पिनेला १.८ ते ५.५ व्होल्ट चालतात. दोन १८६५० सेल ओळीने लावले तर पूर्ण चार्जला ८.४ होतात, तेव्हा मध्ये व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर हवाच. मोटरीला वेगळी तार, ग्राउंड मात्र एकच, आणि प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. एवढं केलं नाही, तर मोटर उचल खाताना बोर्ड गडबडतो आणि दोष उगाच बोर्डाला जातो.

२०२४च्या ऑगस्टमध्ये पाच डॉलरचा पिको २ आला. त्यात रॅम ५२० केबी आहे, अपूर्णांकांची गणितं करणारं हार्डवेअर आहे आणि पीआयओची मशीनं बारा. तोल सांभाळणारा रोबो करायचा असेल तर मी तोच घेईन. त्याच्या सुरुवातीच्या चिपांत आतला पुलडाउन लावलेली इनपुट पिन मध्येच अडकून राहण्याचा दोष होता; बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावायचा, हा त्यावरचा अधिकृत उपाय. धडक ओळखणारं बटण जोडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

माझा पिको मात्र जुनाच आहे. एका रात्री घाईत एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची इको तार मी थेट त्याच्या पंधरा नंबरच्या पिनेला जोडली. ती तार ५ व्होल्टची, पिको ३.३ व्होल्टचा, मध्ये एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर हवेत हे मला पाठ होतं. ती पिन गेली. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जाऊन नवा बोर्ड आणावा असं ठरवलं, तत्पूर्वी सहज बाकीच्या पिना एकेक करून तपासल्या. सगळ्या ठणठणीत होत्या. कागदाच्या पट्टीवर पंधराच्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सेन्सरची तार, रेझिस्टर लावून, चौदावर हलवली. तो ठिपका अजून तिथे आहे, आणि दोन्ही मापारी कामावर आहेत.