गेमिंग कॉम्प्युटर: स्टिकरवरचं आणि डब्यातलं

पीयूसीचा निकाल लागला की नौबादमधल्या कितीतरी घरांत एकच मागणी पुढे येते. कॉम्प्युटर पाहिजे, आणि त्यावर गेम चालले पाहिजेत. बापाचं बजेट चाळीस-पन्नास हजारांचं असतं आणि पोराच्या मोबाईलमध्ये रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटचे व्हिडिओ. सल्ला द्यायला मामा असतो, गल्लीतला सीनियर असतो, बिदरचा दुकानदार असतो. त्यातले काही सल्ले डोक्यात इतके घट्ट बसलेत की त्यांच्यापायी घामाचा पैसा वाया जातो. असेच काही सल्ले इथे तपासून पाहू.

गैरसमज: आय-7 म्हणजे आय-3 पेक्षा भारीच.

वस्तुस्थिती: आधी पिढी विचारायची, नाव नंतर. इंटेलचा कोअर आय-7 2600 बाजारात आला 2011 च्या जानेवारीत. आय-3 12100एफ आला 2022 मध्ये. दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, पण नव्या आय-3 चा एकेक कोअर जुन्या आय-7 च्या जवळपास दुप्पट काम करतो. तरीही ‘आय-7 गेमिंग पीसी’ म्हणून ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या मशीनमध्ये बऱ्याचदा तोच जुना प्रोसेसर, त्याच काळातल्या एच61 चिपसेटचा मदरबोर्ड आणि समोर तीन रंगीत पंखे असतात. दिवे नवे, आतला जीव जुना.

यात आणखी एक फास आहे. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज 11 टाकता येतं, पण व्हॅलोरंट तिथे अडतो. विंडोज 11 वर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट चालू नसेल तर हा गेम उघडतच नाही. ज्या गेमसाठी मशीन घेतली तोच चालत नाही, हे पैसे देऊन झाल्यावर कळतं.

गैरसमज: ग्राफिक्स कार्ड 4 जीबीचं आहे, मग झालं.

वस्तुस्थिती: कार्डाच्या मेमरीत किती माल मावतो तेवढंच हा आकडा सांगतो. तो माल किती वेगानं ये-जा करतो, हे त्यावरून कळत नाही. जीटी 730 चं डीडीआर3 मेमरीचं, 64 बिटचं कार्ड 4 जीबीतही मिळतं. त्याचा मेमरीचा वेग सेकंदाला साधारण 14 जीबी. 2019 चं जीटीएक्स 1650 हेही 4 जीबीचंच, पण त्याचा वेग 128 जीबी. म्हणून दुकानात कार्डाचं पूर्ण नाव आणि मेमरीचा प्रकार विचारा. नुसतं ‘4 जीबी’ हे उत्तर नव्हे.

गैरसमज: कार्डाशिवाय गेमिंग होतच नाही.

वस्तुस्थिती: कुठला गेम, त्यावर आहे. रायझन 5 5600जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. त्यावर व्हॅलोरंट छान चालतो, आणि सेटिंग खाली आणली तर जीटीए 5 सुद्धा खेळण्याजोगा होतो. अट एकच, रॅम 16 जीबीची एक पट्टी न घेता 8-8 च्या दोन घ्यायच्या. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला 25.6 जीबी वेग देते, दोन मिळून 51.2. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं. त्यामुळे किंमत जवळपास तीच राहूनही फरक डोळ्यांना दिसतो. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत, तेव्हा ही निवड नीट विचार करूनच करावी. तंग बजेट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आज असा प्रोसेसर घ्या, कार्ड वर्ष-दोन वर्षांनी बसवा. फालतू कार्डावर पाच हजार घालवण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

प्रोसेसरच्या नावाशेवटचं अक्षर मात्र वाचा. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहील. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टात घाला. ती मदरबोर्डाच्या पोर्टात राहिली तर महागडं कार्ड नुसतं बसून राहतं. ‘कार्ड खराब निघालं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

गैरसमज: एसएमपीएस कोणताही चालतो, वॅट जास्त असले म्हणजे झालं.

वस्तुस्थिती: सगळ्यात धोक्याची समजूत हीच. स्वस्त एसएमपीएस हातात घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरांत 450 वॅट असतं, पण बाजूच्या तक्त्यात 12 व्होल्टची ओळ शोधा. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच ओळीवर चालतात. तिथे 16 अँपिअर लिहिलं असेल तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट. कामाची ताकद तेवढीच. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज वर-खाली होतं, लाइट जाते-येते, आणि हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्डालाही सोबत नेऊ शकतो. 80 प्लस प्रमाणपत्राचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या आणि त्याची वॉरंटी विचारा. कॅबिनेटचे दिवे कमी करा, पण इथे काटकसर नको.

यूपीएसच्या बाबतीतही आकडा फसवतो. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो. आरटीएक्स 3050 चं 6 जीबीचं कार्ड फक्त 70 वॅट घेतं, त्यामुळे अशा मशीनला तो पुरतो.

वॉटर कूलिंगची गरज या बजेटमध्ये नाही. गरज आहे ती हवा खेळण्याची. नौबादच्या बहमनीकालीन करेजला, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्याला, जांभ्या दगडातून वर उघडणारे झरोके ठेवले आहेत, तशी कॅबिनेटलाही समोरून जाळी हवी. पुढे बंद काच असेल तर पंखे आतलीच गरम हवा फिरवत बसतात. आपली तांबडी धूळ दोन-तीन महिन्यांत जाळी भरून टाकते, ती ब्रशनं साफ करावी.

जुनी कार्डं घेऊच नयेत असं नाही. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि त्यात राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून पाहा. पंखा खरखरला, स्क्रीनवर रेघा आल्या की परत फिरा.

पोरगा फक्त बीजीएमआय खेळत असेल तर पीसीचा विषयच नको. 2021 मध्ये तो गेम मोबाईलसाठीच आला आणि एम्युलेटरवर खेळणं अधिकृत नाही.

शेवटचं, ‘हैदराबादहून आणलं की स्वस्त.’ सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये माल भरपूर आहे, भावही काही वेळा कमी असतो. पण सुमारे 140 किलोमीटर जाण्या-येण्याचा खर्च आणि बिघडल्यावरची दुसरी फेरी धरून हिशेब करा. ‘बिल नको, दोन हजार कमी’ याला तर भुलूच नका. 18 टक्के जीएसटीचं पक्कं बिल हाच वॉरंटीचा पुरावा. बिदरला घ्या की सिकंदराबादला, बिलावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस, कार्ड यांची पूर्ण मॉडेलं आणि सिरियल नंबर लिहून घ्या. जो दुकानदार ते लिहून द्यायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडून मशीन घेऊ नका.