गाबोळीचा हिशेब

मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या आणि ओढ्यांना तांबडे पाणी आले, की कोकणातले मासे प्रवासाला निघतात. उन्हाळाभर नदीच्या डोहात दडून बसलेली शिंगटी, मळ्ये, मरळ अशी सारी मंडळी प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात आणि तिथून थेट भाताच्या खाचरात शिरतात. उथळ, कोमट पाण्यात अंडी घालायची, एवढाच त्यांचा हेतू. रायगड-ठाण्याकडे याला ‘वलगण’ म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे. आणि नेमके त्याच रात्री बत्त्या, पाग आणि टोपल्या घेऊन गावही ओढ्यावर उतरते.

बँकेच्या नोकरीत रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा शाखेत मी तीन पावसाळे काढले. वलगण लागली, की दुसऱ्या दिवशी काउंटरवर शुकशुकाट असे आणि दुपारी कोणी ना कोणी डबा आणून देई. तव्यावर परतलेल्या गाबोळीचे वर्णन मी इथे करीत नाही; रविवारची सकाळ आहे, वाचकांचे हाल कशाला! पण पोटात गाबोळी असलेला मासा ठेवावा की सोडावा, हा वाद तेव्हाही तिथे रंगे. म्हातारी माणसे म्हणत, “पोटुशीला हात लावू नये.” त्यावर एका तरुण खातेदाराने मला विचारले होते, “साहेब, मार्चमध्ये गळाला लागलेली मादी जूनमध्ये अंडी घालायला परत येते का?”

प्रश्न बिनतोड होता. मादी मार्चमध्ये मारा की जूनमध्ये, तिची त्या वर्षीची वीण बुडालीच. शिवाय रोहूसारख्या माशाची एक मादी लाखांनी अंडी घालते आणि त्यांतली अगदी थोडी जगतात. तेव्हा एक मादी सोडली म्हणून नदी भरली आणि एक मारली म्हणून आटली, असे होत नाही.

मग फरक कुठे पडतो? एरवी मासे नदीभर विखुरलेले असतात. दिवसभर गळ टाकून बसावे, तेव्हा दोन-चार हाती लागतात. वलगणीत मात्र सगळे एकाच चिंचोळ्या वाटेने जातात. ती वाट काठापासून काठापर्यंत जाळ्याने अडवली, तर त्या ओढ्याची सगळी वीण एका रात्रीत टोपलीत येते. एका खातेदाराने पैसे काढले म्हणून बँक बुडत नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी काढले, तर चांगली बँकही बुडते.

दुसरे असे, की सगळ्या माशांना एकच नियम लावता येत नाही. मरळीची नर-मादी अंड्यांवर आणि पुढे तांबूस पिल्लांच्या थव्यावर पहारा देतात. त्या वेळी त्यांच्या पोटात गाबोळी नसते. पण त्यांना मारले, की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. महासीर वयात येतो उशिरा, आणि अंडीही मानाने थोडी घालतो. त्याची एक थोराड मादी गेली, तर ती भरून यायला वर्षे लागतात.

आपल्या पूर्वजांनी हे देवाच्या नावाने सांभाळले. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यातल्या तिळसे इथल्या डोहात महासीर निर्धास्त फिरतात, कारण ते ‘देवाचे मासे’. दर्यावरही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही रीत होती. आज राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. ओढ्यावर मात्र नारळ वाहणारे कोणी नाही.

म्हणून वलगण बंदच करा, असे मी म्हणणार नाही. पावसाच्या तोंडी कातकऱ्याच्या घरात धान्य सरत आलेले असते. त्याच्या ताटातला मासा काढून घेण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्याला नाही. त्याच्या पागाने नदी रिकामी होत नाही. ती रिकामी होते मच्छरदाणीएवढ्या बारीक जाळ्याने, बॅटरीच्या करंटने आणि पाण्यात कालवलेल्या विषाने. मासेमारीसाठी सुरुंग आणि विष वापरायला १८९७ च्या कायद्यानेच मनाई केली होती. त्यातच जागोजागच्या बंधाऱ्यांनी माशांची वाट आधीच अडवलेली आहे.

मला सुचतो तो तोडगा साधा आहे. पहिली रात्र माशांची. त्यानंतरही अर्धा ओढा मोकळा ठेवायचा. पिल्लांवर राखण करणारी मरळ कधीच धरायची नाही. हौशी गळकऱ्याने, ज्याचे पोट त्या माशावर अवलंबून नाही, त्याने भरल्या पोटाची मादी ओल्या हाताने अलगद पाण्यात सोडावी. दुसऱ्या कोणाची भूक मोडत नसताना एवढे करायला काय हरकत आहे?

आणि एक कलम तुमच्या-माझ्यासाठी. आपण जूनमध्ये बाजारात जाऊन “गाबोळीवाला दाखवा” म्हणतो आणि चार पैसे जास्त मोजतो. ओढ्यावर जाळे किती रुंद लागणार, हे त्या चार पैशांवरही ठरते. नदीतला मासा घेताना तेवढे दोन महिने हा हट्ट आपण सोडला, तरी पुष्कळ झाले.