मगनवाडीचा दिवा आणि खोबरेलाचे एस्टर

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ कुमारप्पांच्या देखरेखीखाली झवेरभाई पटेलांनी तेथे तेलघाणीची जी सुधारणा केली तिचा लौकिक देशभर झाला. परंतु खेड्यातल्या घरात परदेशी रॉकेलावाचून उजेड पडावा म्हणून त्याच जागी वनस्पतिज तेलावर जळणारा जो ‘मगनदीप’ सिद्ध झाला, त्याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. अशा दिव्याच्या आड तेलाचा दाटपणा येतो. तेल वातीतून रॉकेलाइतके उंच चढत नाही.

हा दाटपणा घालविण्याची रसायनशास्त्राची तजवीज म्हणजे एस्टर. तेलाच्या रेणूत तीन मेदाम्ले एका ग्लिसरीनला जखडलेली असतात. ग्लिसरीनच्या जागी मिथेनॉल आणले की रेणूचे तीन सुटे, हलके एस्टर होतात. वर्ध्याकडचे जवसाचे तेल हवेत चिकट पापुद्रा धरते म्हणून ते रोगणास उत्तम, साठवणीच्या इंधनास मात्र गैरसोयीचे. त्याउलट खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असल्याने ते टिकते, आणि विदर्भाच्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठले तरी त्याचे मिथिल एस्टर पातळच राहते.

१०० किलो खोबरेलास हिशेबाने सुमारे १५ किलो मिथेनॉल लागते. प्रत्यक्षात क्रिया पुरी व्हावी म्हणून दुप्पट घालण्याचा प्रघात आहे. त्यात थोडा कॉस्टिक सोडा विरघळवून मिश्रण ६० अंशांच्या सुमारास तासभर ढवळतात. तेल खवट वा ओलसर असेल तर एस्टरऐवजी साबणच पदरी पडतो, आणि म्हणूनच तेलघाणीवरच्या स्वच्छतेला मी या साऱ्या विद्येचे मूळ मानतो.

खरी कसोटी शुद्धीकरणाची. मिश्रण स्थिर ठेवले की जड ग्लिसरीन तळाशी बसते. ते काढून, उरलेले मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवून, एस्टर कोमट पाण्याने धुवावे लागते. पहिले पाणी दुधासारखे येते आणि येथेच उतावळा मनुष्य फसतो, कारण जोराने हलविल्यास साबणाच्या अंशामुळे तेलपाण्याचा असा काला होतो की तो दिवसभर फुटत नाही. पाणी नितळ येईतो हलक्या हाताने धुवून, मग तापवून ओल उडविली की एस्टर आरपार दिसू लागते. लॉरिक एस्टर वेगळे हवे असल्यास कमी दाबाखाली पुन्हा ऊर्ध्वपातन करतात. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने हे काम स्वयंपाकघरात कदापि करू नये, आणि मिथेनॉल राहिलेले ग्लिसरीन शेतात वा नाल्यात ओतू नये.