वेदना, मेंदू आणि भौतिकोपचार

दाढ ठणकते, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, गळू ठसठसते. शरीराच्या दुखण्यासाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके सुखासाठी क्वचितच असतील. दुखणे जेथे जाणवते तेथेच ते असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गुडघा दुखतो म्हणजे वेदना गुडघ्यातच असणार, असे आपण धरून चालतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील संशोधनाने या समजुतीला धक्का दिला आहे. गुडघ्यातून निघते ती केवळ एक सूचना. तिची वेदना होते ती मेंदूत. भौतिकोपचार, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात फिजिओथेरपी म्हणतो, त्याने गुण का येतो हे समजण्यासाठी हा फरक प्रथम लक्षात घ्यावा लागतो.

त्वचा, स्नायू आणि सांधे यांत मज्जातंतूंची सूक्ष्म टोके पसरलेली असतात. चटका, जोराचा दाब किंवा सूज यांमुळे ती चेतवली जातात आणि त्यांची सूचना मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जाते. या सूचना वाहून नेणारे तंतू दोन प्रकारचे असतात, काही जलद आणि काही मंद. तापलेल्या तव्याला बोट लागले तर आधी झटकन चटका जाणवतो आणि क्षणभराने आग होऊ लागते, ती यामुळेच. मेंदूत वेदनेचे असे एकच केंद्र नाही. दुखते कोठे, किती त्रासदायक आहे, धोका कितपत आहे, पूर्वी असे झाले तेव्हा काय घडले होते, या सर्वांचा निवाडा मेंदूचे निरनिराळे भाग मिळून करतात.

वेदना ही शत्रू नव्हे, हे कुष्ठरोगाच्या अभ्यासातून विशेष स्पष्ट झाले. कुष्ठरोग्याची बोटे झडतात ती रोगाने कुजून, असा पूर्वी समज होता. तामिळनाडूत जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथील रुग्णालयात काम करताना दाखवून दिले की, या रोगात मज्जातंतू बधिर होतात, त्यामुळे रुग्णाला चटका किंवा जखम कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा चिघळून बोटे जातात. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या आनंदवनात आलेल्या अनेकांची कहाणी हीच होती. ज्याला दुखत नाही तो सुखी, असे म्हणणाऱ्याने या माणसांचे हात एकदा पाहावेत.

याच्या उलट, मोठी जखम असूनही वेदना न जाणवणे हेही शक्य असते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना असे आढळले की, गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी वेदनाशामक औषध मागितलेच नाही. त्या सैनिकांसाठी जखम म्हणजे जीव वाचल्याची आणि रणांगणातून सुटल्याची खूण होती, असा अर्थ बीचर यांनी लावला.

हे घडते कसे, याचे एक उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी दिले. त्याला द्वार-नियंत्रण सिद्धान्त म्हणतात. त्यांच्या मते मज्जारज्जूत जणू एक दार असते. दुखण्याची सूचना या दारातून वर जाते. परंतु त्याच वेळी स्पर्शाची, दाबाची सूचना आली, तर हे दार काही अंशी लोटले जाते. मार लागलेली जागा आपण नकळत चोळू लागतो, मूल पडले की आई त्याचा गुडघा कुरवाळते. या जुन्या सवयींमागे हेच तत्त्व आहे. शिवाय मेंदूही वरून आज्ञा पाठवून हे दार उघडू किंवा लोटू शकतो. सिद्धान्ताच्या काही तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण त्याचा गाभा टिकला. भौतिकोपचारतज्ज्ञ वापरतात ते ‘टेन्स’ नावाचे छोटे यंत्र याच विचारातून आले. ते त्वचेतून विजेचे अतिशय सौम्य झटके देते. त्याचा गुण सर्वांना सारखा येत नाही, आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच वापरू नये.

मेंदू आपले औषध स्वतःही तयार करतो. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूत अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये शोधून काढली. व्यायामाने वेदना काही काळ कमी होते त्यात या द्रव्यांचा वाटा असतो. उपचार करणाऱ्यावरील विश्वासानेही ती स्रवू शकतात. म्हणून रुग्णाशी धड न बोलता यंत्र लावून निघून जाणारा तज्ज्ञ आपल्या उपचाराचा काही भाग वाया घालवतो, असेच म्हणावे लागेल.

खरा कठीण प्रश्न आहे तो महिनोन्‌महिने टिकणाऱ्या दुखण्याचा. समजा, दिल्लीतील गांधीनगरच्या कपड्यांच्या बाजारात एक कारागीर रोज दहा तास शिलाई मशीनवर वाकून बसतो. एके दिवशी त्याच्या कमरेत उसण भरते. स्नायूची इजा बहुधा काही आठवड्यांत भरून येते, परंतु दुखणे मात्र जात नाही. अशा वेळी मज्जारज्जू आणि मेंदू अतिसंवेदनशील झालेले असतात. चोर आल्यावर वाजावी अशी घंटा वाऱ्याच्या झुळकीनेही वाजू लागावी, तसे हे असते. घंटा खोटी वाजते म्हणून वेदना खोटी ठरत नाही. ‘सारे मनाचे खेळ आहेत’ असे अशा माणसाला म्हणणे अज्ञानाचे आणि निर्दयपणाचेही आहे.

त्यात तो घाबरतो. वाकलो तर मणका सरकेल, या भीतीने तो हालचाल टाळतो. स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि मेंदूची धोक्याची समजूत अधिकच पक्की होते. तपासणीत मणक्यांमधील चकती झिजल्याचे दिसले की भीतीत भर पडते. वस्तुतः कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतील सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. वयाबरोबर केस पांढरे व्हावेत, तसेच हे बव्हंशी असते.

अशा रुग्णाला चांगला तज्ज्ञ प्रथम हे सारे समजावून सांगतो. मग तो अगदी थोड्या हालचालीपासून आरंभ करतो. आज पाच मिनिटे चालणे, काही दिवसांनी सात मिनिटे. शेक, मालीश यांनी मिळणारा आराम तात्पुरता असला तरी त्या आरामात हालचाल सुरू करता येते, हा त्याचा मोठा उपयोग. दर वेळी हालचाल होते आणि काही अनिष्ट घडत नाही, हा अनुभव मेंदूत साठत जातो आणि घंटा हळूहळू शांत होते. याला आठवडे, कधी महिने लागतात.

मेंदूला असे नव्याने शिकवता येते याचे सर्वांत विलक्षण उदाहरण आरशाचे आहे. हात किंवा पाय कापावा लागलेल्या अनेकांना नसलेला अवयव दुखत असल्याचे जाणवते. गेलेली मूठ घट्ट आवळलेली आहे आणि ती उघडता येत नाही, असे काही जण सांगतात. १९९०च्या दशकात मूळचे तामिळनाडूचे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी अशा रुग्णांसमोर उभा आरसा ठेवला. आरशातील चांगल्या हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसू लागले. चांगली मूठ उघडली की गेलेली मूठही उघडल्याचे मेंदूला ‘दिसले’ आणि काहींची वेदना ओसरली. दिसते आहे ते प्रतिबिंब, हे रुग्णाला पूर्ण ठाऊक असते. तरीही उपाय काहींना लागू पडतो. सर्वांना नाही. पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा हलवण्यासाठीही आज हा आरसा वापरतात.

मात्र प्रत्येक दुखणे व्यायामावर सोपवू नये. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरील ताबा गेला, जांघा बधिर झाल्या, पायातील शक्ती कमी होऊ लागली, ताप आला किंवा कारण नसताना वजन घटले, तर आधी डॉक्टरांकडेच जावे. पहिल्या तीन लक्षणांत तर त्याच दिवशी. दिल्लीत भौतिकोपचाराची सोय मोठ्या सरकारी रुग्णालयांत आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेतही ती आहे. (ही संस्था ज्या मार्गावर आहे, त्याला कुरुंदवाडचे थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव आहे, हे अनेक दिल्लीकर मराठी माणसांनाही ठाऊक नसते.)

तेथे गेल्यावर आपले दुखणे नेमक्या शब्दांत सांगावे. मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द एकत्र करून त्यांची प्रश्नावली तयार केली; कारण शब्दावरून दुखण्याचा प्रकार ताडता येतो. आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी सणक पायात उतरते, असे कोणी सांगितले तर मज्जातंतू दुखावला असल्याची शंका येते. नुसती रग लागते किंवा अंग आंबते, असे म्हटले तर लक्ष स्नायूंकडे जाते. दुखणे शून्य ते दहा यांपैकी किती, सकाळी अधिक की रात्री, बसल्याने वाढते की चालल्याने, हेही आधी टिपून न्यावे. तज्ज्ञाला मराठी येत नसेल, तर ‘सणक’ आणि ‘रग’ यांतला फरक हाताने दाखवून आणि हिंदीत फोड करून सांगावा.