एकलहऱ्याच्या विद्यार्थ्याची काळजी कोणाकडे?

नाशिकरोडहून सामनगावमार्गे पूर्वेला निघालं की औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. १९७०च्या सुमारास इथला पहिला संच सुरू झाला. जुने दोन संच आता बंद आहेत; २१० मेगावॉटचे तीन मिळून आज ६३० मेगावॉटची क्षमता उरली आहे. एकलहरे म्हटलं की बहुतेकांना हे केंद्र, त्याची वसाहत आणि राख एवढंच आठवतं. पण या शिवाराची आणखी एक ओळख तयार झाली आहे. ओढा गावाच्या बाजूला मातोश्री अभियांत्रिकी महाविद्यालय उभं आहे, आणि अलीकडे सामनगाव रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतन आहे. कोळशाच्या वाघिणी जिथे रिकाम्या होतात, त्याच भागात रोज सकाळी पाठीवर सॅक घेतलेली मुलं-मुली बसमधून उतरतात.

गावाबाहेरच्या अशा महाविद्यालयांतले विद्यार्थी साधारण दोन प्रकारचे असतात. काही रोज ये-जा करतात. उरलेले जवळपास ‘कॉट बेसिस’वर राहतात: एका खोलीत तीन-चार कॉट, सामाईक नळ, आणि डबा लावलेला किंवा मेस धरलेली. घर शेतकऱ्याचं असेल तर फीचा हप्ता द्राक्षावर नाहीतर कांद्यावर ठरतो. लासलगावच्या बाजारात भाव पडला की त्याची झळ सर्वांत आधी डब्याला लागते. रात्रीचा डबा बंद करून वडापाववर भागवणारा मुलगा खोलीतल्या जोडीदारालाही खरं कारण सांगत नाही. भूक नाही, एवढंच म्हणतो.

यात अभ्यासाची भर पडते. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत दुसऱ्या वर्षाचं गणित ‘एम-थ्री’ या नावाने ओळखलं जातं, आणि नुसत्या नावाने पोरांच्या पोटात गोळा येतो. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. एखादा विषय दोन वर्षं अडकून राहिला की वर्ष जातं. मुलांच्या बोलीत ‘वायडी लागतो’. वर्गातले मित्र पुढे जातात, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडतं, खोलीचं भाडं मात्र सुरूच राहतं, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न दिवसेंदिवस जड होत जातो. ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द उच्चारण्याआधी त्यांच्या मागे असलेली ही सगळी साखळी पाहायला हवी. समुपदेशकाच्या खोलीत बसून ‘मला नैराश्य आलंय’ म्हणणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. बहुतेक जण लेखाविभागाच्या खिडकीपाशी फीची मुदत वाढवून मागतात, आणि तिथे त्यांना कागद मिळतो, माणूस मिळत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता: १,७६४. इतक्या घरांत एक ताट कायमचं कमी झालं. या आकड्याकडे पाहून हळहळणं पुरेसं नाही. विद्यार्थ्याची काळजी घेणारी यंत्रणा म्हणजे नेमकं काय, ती कोणी चालवायची आणि तिचे पैसे कोण भरतं, हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे. त्यासाठी आधी युरोपकडे पाहू. तिथल्या काही देशांत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सार्वजनिक कामाचा मानला गेला.

पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीत आघाडीवरून परतलेले तरुण मोठ्या संख्येने विद्यापीठांत दाखल झाले. चलन घसरत होतं, राहायला जागा नव्हती, खायचे वांधे होते. तेव्हा ठिकठिकाणी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून स्वयंपाकघरं काढली, आणि १९२१ मध्ये ट्युबिंगेन इथे या स्थानिक मंडळांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. आज जर्मनीत अशा ५७ विद्यार्थी सेवा संस्था आहेत. ‘मेन्सा’ म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ त्या चालवतात, वसतिगृहं चालवतात, विद्यार्थी-पालकांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवतात. १९७१च्या कायद्याने सुरू झालेल्या शिक्षण-साहाय्याचे अर्जही बव्हंशी तिथेच तपासले जातात. मानसिक समुपदेशन आणि कायदेशीर सल्लाही त्यांच्याकडेच मिळतो. प्रत्येक विद्यार्थी दर सत्राला जी रक्कम भरतो तिचा एक भाग या संस्थेला जातो, आणि तिच्या कारभारात विद्यार्थी प्रतिनिधी बसतात.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब अशी की ही संस्था विद्यापीठापासून वेगळी आहे. समुपदेशक परीक्षकाच्या हाताखाली नाही. तिथे जाऊन मुलगी रडली, तर ती बातमी विभागप्रमुखांच्या टेबलावर पोहोचत नाही. आपल्याकडे बऱ्याच महाविद्यालयांत हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त जबाबदारी’ म्हणून असतं. ते प्राध्यापक कितीही प्रेमळ असले तरी तोंडी परीक्षेला समोर तेच असणार, हे मुलाच्या डोक्यातून जात नाही. तो बोलत नाही, यात दोष त्याचाही नाही आणि प्राध्यापकांचाही नाही.

फ्रान्सने १९५५च्या कायद्याने वसतिगृहं आणि खानावळी चालवणारी राष्ट्रीय व प्रादेशिक केंद्रं उभी केली. २०२० पासून तिथे शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याला एका युरोत जेवण मिळतं. फिनलंडमध्ये १९५४ साली विद्यार्थ्यांची स्वतंत्र आरोग्यसेवा सुरू झाली, आणि २०२१ पासून व्यवसायाभिमुख विद्यापीठांतले विद्यार्थीही तिच्या कक्षेत आले. सत्राला चाळीस युरोंच्या आतबाहेर शुल्क भरलं की डॉक्टर, दंतवैद्य आणि मानसोपचार यांची दारं उघडतात. ब्रिटनमध्ये १९७० साली एसेक्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘नाइटलाइन’ सुरू केली: रात्री जागून, नाव न विचारता, दुसऱ्या विद्यार्थ्याचं फोनवर ऐकून घ्यायचं. २०२० च्या रोम परिषदेत युरोपातल्या शिक्षणमंत्र्यांनी समुपदेशन आणि विद्यार्थी-सेवा हा उच्च शिक्षणाच्या सामाजिक बाजूचा भाग असल्याचं मान्य केलं. सगळं तिथे सुरळीत आहे असं नव्हे. मोठ्या शहरांत वसतिगृहाच्या खोलीसाठी सत्रच्या सत्र थांबावं लागतं, समुपदेशकाची वेळ मिळायला कित्येक आठवडे जातात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्यातल्या मराठी मुलांना खोलीची ही वणवण चांगलीच ठाऊक आहे. पण दार कोणतं ठोठावायचं, हे तरी तिथे ठरलेलं आहे.

आपल्याकडे असं दार कधी नव्हतंच, हा समज मात्र चुकीचा आहे. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी तिथे वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला येत नाही, कारण त्याला राहायला आणि जेवायला जागा नाही, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. नाशिकलाही त्यांचा हात लागला. १५ एप्रिल १९२० रोजी त्यांनी इथे उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाची कोनशिला बसवली. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचा वाढविस्तार या बोर्डिंगच्या आधाराने झाला. म्हणजे ट्युबिंगेनला संघ स्थापन झाला त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या गंगापूर रस्त्यावर विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याचा पाया घातला जात होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं वसतिगृह काढलं. ते चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्या दागिन्यांची नेहमी त्यागाची कथा म्हणून आठवण होते. मला त्यात व्यवहारही दिसतो: कोठीत धान्य नाही हे लक्ष्मीबाईंना कळलं होतं, कारण त्या रोज कोठीत जात होत्या. कोण जेवला, कोण पानावरून उठला, कोणाला ताप आहे, हे पाहणारं माणूस त्या व्यवस्थेत होतं. त्याला समुपदेशक हे नाव नव्हतं एवढंच. ‘कमवा आणि शिका’ ही योजनाही तिथलीच. आज पुणे विद्यापीठात ती कर्मवीरांच्या नावाने चालते आणि ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम करून मुलं मेसचा खर्च भागवतात.

पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं. माधुकरी मागून, वार लावून शिकणाऱ्या मुलांची ती मोठी सोय होती. पुढे १९५५ मध्ये, फ्रान्सने तो कायदा केला त्याच वर्षी, डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. ग्रामीण भागातून पुण्यात आलेल्या गरजू मुला-मुलींना अल्प खर्चात राहणं-जेवण, स्वतःची कामं स्वतः करण्याची शिस्त आणि पाठीशी उभे राहणारे कार्यकर्ते, असं तिच्या कामाचं स्वरूप राहिलं. फरक एवढाच झाला की फ्रान्समध्ये ते काम सरकारने अंगावर घेतलं आणि आपल्याकडे ते देणगीदार आणि ध्येयवेडी माणसं यांच्यावर राहिलं.

मग हा धागा सुटला कुठे? माझ्या मते १९८३ नंतर. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याने मोठं भलं झालं; ज्यांच्या घराण्यात कोणी मॅट्रिकही नव्हतं, अशा घरांत अभियंते झाले. पण महाविद्यालयं स्वस्त जमिनीच्या शोधात शहराबाहेर गेली, आणि बोर्डिंगं मात्र शहरातच राहिली. गावाबाहेरच्या माळावर इमारत, प्रयोगशाळा, कार्यशाळा उभी राहिली. विद्यार्थ्याच्या जेवणाचं आणि राहण्याचं काय, हा प्रश्न आजूबाजूच्या घरमालकांवर सोडून दिला गेला. नंतर सरकारची मदत रोख पैशाच्या रूपाने आली: डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम. २०२४ च्या जुलैपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. हे सगळं हवंच. मात्र खात्यात जमा होणारा पैसा ‘काल जेवायला का नव्हतास?’ असं विचारत नाही. आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून येणारा हप्ता उशिरा आला की मधले महिने कसे काढायचे, याचं उत्तर कोणत्याच शासन निर्णयात नसतं.

अलीकडच्या काही वर्षांत थोडी हालचाल झाली आहे. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी-आत्महत्यांच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्याच वर्षी २५ जुलैला दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ असलाच पाहिजे, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण दिलं पाहिजे, असे निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. आज, आत्ता ज्याला बोलायची गरज आहे त्याच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक मेसच्या भिंतीवर आणि प्रत्येक ओळखपत्राच्या मागे छापलेला असायला हवा.

न्यायालयाचा निर्देश कागदावर पुरा करणं अवघड नाही. एक खोली, दारावर पाटी, रजिस्टर, आणि आठवड्यातून दोन तास येणारं कोणीतरी. तपासणीला तेवढं पुरतं. विद्यार्थ्याला पुरत नाही. हिशेब मांडून पाहू. समजा, एका परिसरातल्या महाविद्यालयांत मिळून चार हजार विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने फिनलंडच्या धर्तीवर वर्षाला तीनशे रुपये दिले, तर बारा लाख रुपये जमतात. त्यात पूर्णवेळ काम करणारे दोन प्रशिक्षित समुपदेशक, एक स्त्री आणि एक पुरुष, नेमता येतात. ज्यांना तीनशेही जड आहेत त्यांचं शुल्क संस्थेने भरावं. हे समुपदेशक कोणत्याही एका महाविद्यालयाच्या पगारपत्रकावर नसावेत. एकलहरे आणि सामनगावसाठी एकच स्वतंत्र केंद्र असावं, आणि ते शेवटची बस सुटेपर्यंत उघडं असावं. गंभीर रुग्णासाठी पुढचा रस्ता आधीच ठरलेला हवा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतल्या मानसोपचार विभागांशी करार करणं अशक्य नाही.

त्याच केंद्रात आणखी दोन कामं व्हायला हवीत, आणि ती मी समुपदेशनाइतकीच महत्त्वाची मानतो. एक, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा आणि अडकलेल्या अर्जाचा पाठपुरावा करणारा जाणकार कर्मचारी, आणि हप्ता येईपर्यंत मेसचं बिल भागवणारा छोटा फिरता निधी. दोन, वायडी लागलेल्या मुलांचा स्वतंत्र वर्ग. त्या वर्षात ही मुलं कोणाच्याच हजेरीपटावर नसतात, म्हणून ती सर्वांत आधी नजरेआड होतात. एम-थ्री सुटलेले वरच्या वर्गातले विद्यार्थी कमवा आणि शिका योजनेतून त्यांना शिकवू शकतात. शिकवणाऱ्याला मानधन, शिकणाऱ्याला रोज यायला एक जागा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे, त्याचा संचालक आहे. पुणे विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो, आणि त्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतले आपल्यापैकी अनेक जण त्यांचे मतदार आहेत. गावाबाहेरच्या महाविद्यालयांसाठी अशी सामाईक केंद्रं काढण्याची तरतूद पुढच्या अर्थसंकल्पात असावी, असं पत्र त्या दहा जणांना आपण लिहू शकतो. त्यात शुल्काचा आकडा, समुपदेशकांची संख्या आणि केंद्र उघडं राहण्याच्या वेळा या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, कारण पाटी लावून मोकळं होण्याची पळवाट तिथेच बंद होते.