“सिस्टर, गॅसची गोळी द्या”

हिंजवडी फेज टूमधल्या एका कंपनीच्या मेडिकल रूममध्ये मी नर्स आहे. दुपारच्या जेवणानंतर हमखास कुणीतरी येऊन म्हणतं, “सिस्टर, गॅस झालाय, गोळी द्या.” बरेचदा तो गॅसच असतो. पण चाळिशीचा माणूस छाती आवळल्यासारखी वाटतेय म्हणाला, कपाळावर घाम दिसला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असली, तर मी गोळ्यांच्या डब्याला हातच लावत नाही. त्याला पलंगावर झोपवते आणि दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढते. मीटिंग थांबू शकते.

ईसीजीच्या कागदावर उमटते ती हृदयातली वीज. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड. मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता तो स्वतःच ठोका सुरू करतो. विजेची लाट वरच्या दोन कप्प्यांतून पसरते आणि खालच्या कप्प्यांच्या वेशीवर सेकंदाचा साधारण दहावा भाग थांबते. तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं. मग खालचे कप्पे आवळतात: उजवा फुफ्फुसांकडे रक्त पाठवतो, डावा साऱ्या शरीराला. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला साधारण ५ लिटर, दिवसाला लाखभर ठोके. आणि स्नायूचं वजन जेमतेम ३०० ग्रॅम!

डाव्या कप्प्यातून एवढं रक्त वाहतं, पण त्याच्या जाड भिंतीची भूक त्यावर भागत नाही. तिला रक्त मिळतं महाधमनीच्या अगदी सुरुवातीला फुटणाऱ्या करोनरी धमन्यांतून. स्नायू आवळलेला असताना आतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात, म्हणून त्याचं पोषण मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या सैल क्षणांत होतं. नाडी धावू लागली की हेच क्षण सर्वांत जास्त आखडतात. धमनी आधीच अरुंद असेल तर जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं. ‘थांबलं की बरं वाटतं’ हे ऐकून लोक निश्चिंत होतात. मी मात्र त्यांना त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवते.

धमनीतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी बसली की हार्ट अटॅक येतो. अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो आणि पुढे काही तास मरत राहतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून मी कुणाला जागेवर परत जाऊ देत नाही, कारण बदल उशिराही दिसतात. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत तर कधी नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात २००७ साली दिसलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षाच्या सुमारास येतो, इतरांपेक्षा जवळपास सहा वर्षं आधी. माझ्यासमोर बसणाऱ्यांचं वय त्याहून फार दूर नसतं. टपरीवरचा चहा-सुट्टा, रात्रपाळी, वाढलेली शुगर आणि पोट मी रोज पाहते.

अशी लक्षणं दिसली तर स्वतः गाडी काढून निघू नका. संध्याकाळी शिवाजी चौकापासून वाकडच्या पुलापर्यंत काय अवस्था असते, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. १०८ ला फोन करा. कोपऱ्याकोपऱ्यावर वाट काढायला माणसं उभी करा.

माणूस कोसळला, हाक मारून उत्तर देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर हृदय बहुधा थांबलेलं असतं किंवा नुसतं थरथरत असतं. सीपीआरविना, म्हणजे छाती दाबल्याविना, जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. अँब्युलन्स तेवढ्यात पोहोचत नाही. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून ५ ते ६ सेंटीमीटर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण त्या क्षणी हृदय पुन्हा भरतं आणि त्याच्या स्वतःच्या धमन्यांतही रक्त शिरतं. शिकायला आलेली तरुण मुलं जोर भरपूर लावतात, पण हातांचा भार छातीवर तसाच ठेवतात. ते सुधारायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

शॉक देणारं एईडी यंत्र पुढे काय करायचं ते स्वतः बोलून सांगतं. ते केबिनमध्ये कुलपात ठेवू नये, यासाठी मी व्यवस्थापनाशी हट्टाने भांडले. पुतळ्यावरच्या सरावालाही सुरक्षारक्षक आणि हाउसकीपिंगच्या मावशींना मी सर्वांत आधी बोलावते. रात्री दोन वाजताही मजल्यावर तेच असतात.